पासवर्ड बरोबर, तरी पॅनल बाहेर ढकलतंय: सीपॅनेलमधल्या सेशनच्या अडचणी कशा शोधायच्या

रात्री साडेनऊला तासगावहून फोन आला. बेदाण्याचे व्यापारी, त्यांची वेबसाइट मीच करून दिलेली. "दादा, पासवर्ड बरोबर टाकतोय, आत पण जातोय. ईमेलवर क्लिक केलं की परत लॉगिनचं पान. तीनदा पासवर्ड बदलून झाला."

या तीन वाक्यांत निदान जवळजवळ झालेलं होतं. माणूस एकदा आत गेला, अगदी दोन सेकंदांसाठी का होईना, तर पासवर्ड बरोबरच आहे. पासवर्ड फक्त दारावर विचारतात. त्यानंतर प्रत्येक क्लिकला तपासलं जातं ते सेशन, म्हणजे तुम्ही आत आला आहात याची सर्व्हरकडची तात्पुरती नोंद. सेशन तुटत असेल तर पासवर्ड बदलून काही होत नाही. उलट घाईत जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पडतो, सर्व्हरची राखणदार यंत्रणा जागी होते आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

हा लेख सीपॅनेलबद्दल, म्हणजे ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायच्या पॅनलबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या शेअर्ड होस्टिंगमध्ये बहुतेकांची गाठ त्याच्याशीच पडते. एक सूचना: संदेश, आज्ञा आणि फोल्डरची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

लॉगिननंतर नक्की काय घडतं

तुम्ही डोमेनच्या नावापुढे अपूर्णविराम आणि २०८३ हा पोर्ट (सर्व्हरवरच्या एका सेवेच्या दाराचा क्रमांक) टाकून पॅनल उघडता. सर्व्हरचं पॅनल, म्हणजे डब्ल्यूएचएम, २०८७ वर असतं आणि वेबमेल २०९६ वर. पासवर्ड जुळला की तीन गोष्टी होतात. ब्राउझरमध्ये 'सीपीसेशन' नावाची कुकी, म्हणजे साइटची एक छोटी नोंद, ठेवली जाते. ॲड्रेस बारमध्ये 'सीपीसेस' आणि त्याला चिकटून दहा आकडे दिसू लागतात, तो सुरक्षा टोकन. आणि सर्व्हरवर 'व्हार', त्यात 'सीपॅनेल', त्यात 'सेशन्स' या फोल्डरमध्ये तुमच्या नावाची एक छोटी फाइल तयार होते. तुम्ही कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून) आलात त्याची नोंदही तेव्हाच होते.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसंच हे. बिल्ला म्हणजे कुकी, दुकानदाराच्या वहीतली नोंद म्हणजे सर्व्हरवरची फाइल. फक्त हा दुकानदार जरा जास्तच सावध आहे. बिल्ल्यासोबत तो तोंडी एक आकडा विचारतो, तो टोकन. शिवाय बिल्ला नेलेला माणूस हाच का, हे चेहरा बघून ठरवतो. इथे चेहरा म्हणजे आयपी.

आकडा कशाला, असं मलाही पूर्वी वाटायचं. कारण असं, की कुकी ब्राउझर आपोआप पाठवतो. तुम्ही पॅनलमध्ये लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमधल्या एखाद्या खोडसाळ पानाने तुमच्या पॅनलला "हे ईमेल खातं काढून टाक" अशी विनंती धाडली, तर कुकी तिच्यासोबत जाऊ शकते. टोकनचे दहा आकडे मात्र त्या पानाला ठाऊक नसतात, म्हणून विनंती दारातच अडते. तेव्हा टोकनची कटकट वाटली तरी ती तुमच्याच भल्याची आहे.

आधी संदेश वाचा, मग माऊसला हात लावा

फोनवर नव्वद टक्के वेळ "एरर आला" एवढंच ऐकू येतं. कोणता एरर? तो शब्दशः लिहून घ्या, कारण इथे शब्दच वाट दाखवतात.

'इनव्हॅलिड सिक्युरिटी टोकन' किंवा ४०१ सोबत 'टोकन डिनाइड' दिसलं, तर ॲड्रेस बारमधला आकडा आणि कुकी एकमेकांच्या नाहीत. जुना बुकमार्क, उघडे राहिलेले टॅब किंवा एकाच ब्राउझरमध्ये दोन खाती, यांपैकी काहीतरी निघतं. 'युवर आयपी ॲड्रेस हॅज चेंज्ड' हा संदेश सरळ आहे: चेहरा बदलला. 'युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड' म्हणजे वहीतली नोंद गेली. बराच वेळ काही न केल्याने गेली असेल तर ठीक, पण लॉगिन करताक्षणी हे दिसत असेल तर संशय सर्व्हरवर घ्यावा.

कोणताही संदेश नाही, नुसतं लॉगिनचं पान पुन्हा रिकामं समोर येतं, तर बहुधा ब्राउझर कुकी ठेवूनच घेत नाही. 'द लॉगिन इज इनव्हॅलिड' हा मात्र दारावरचा नकार, तो पासवर्डचा किंवा राखणदाराचा. आणि पानच उघडत नसेल, गोल चक्र फिरत राहत असेल, तर सेशनचा प्रश्न अजून आलेलाच नाही. तिथे फायरवॉल किंवा पोर्ट बघायचा.

स्वतःच्या मशीनवरची पाच मिनिटं

पहिलं काम, ॲड्रेस बार पूर्ण रिकामा करा आणि पत्ता हाताने टाइप करा: डोमेन, अपूर्णविराम, २०८३. बुकमार्कवरून नको, हिस्टरीतून नको, ब्राउझर अर्धवट सुचवतो त्यावरही नको. बऱ्याच जणांनी आत गेल्यावर बुकमार्क केलेला असतो, म्हणजे त्यात तेव्हाचे दहा आकडेही अडकलेले असतात. तो बुकमार्क खोडून लॉगिनच्या पानाचा नवा करा. पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवलेला पत्ताही एकदा बघून घ्या, तिथेही हाच मासला सापडतो.

दुसरं, इन्कॉग्निटो विंडो उघडून तिथून लॉगिन करा. तिथे नीट चाललं तर सर्व्हर निर्दोष, दोष तुमच्या नेहमीच्या ब्राउझरचा. मग सगळ्या कुकी पुसायच्या नाहीत. लोक हे हमखास करतात आणि नंतर बँकेपासून जीएसटी पोर्टलपर्यंत सगळीकडे नव्याने लॉगिन करत बसतात. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केलं की त्या एका साइटच्या कुकी वेगळ्या दिसतात, तेवढ्याच काढा.

त्यानंतरही अडत असेल तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून बघा. जाहिराती रोखणारी, कुकी आपोआप पुसणारी आणि 'मोफत व्हीपीएन' नावाची जी काही मंडळी असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

होस्टिंगवाल्याच्या बिलिंग पानावरून 'लॉगिन टू सीपॅनेल'चं बटण दाबून जात असाल, तर एक लक्षात ठेवा. त्या बटणामागची लिंक तात्पुरती असते. ते पान रिफ्रेश केलं किंवा ती लिंक कॉपी करून सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, तर त्याला दार बंदच मिळेल. बटण पुन्हा दाबायचं, एवढंच.

एकाच ब्राउझरमध्ये चार गिऱ्हाइकं

हा भाग खास माझ्यासारख्यांसाठी, जे रीसेलर खातं (होस्टिंग पुढे विकायचं खातं) घेऊन दहा-बारा जणांच्या साइट सांभाळतात. मी स्वतः यात कितीतरी महिने घोळ घालत होतो.

समजा सगळी खाती एकाच सर्व्हरवर आहेत आणि तुम्ही प्रत्येकात सर्व्हरच्या होस्टनेमवरूनच, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नावावरूनच, शिरता. पहिल्या टॅबमध्ये डॉक्टरांचं खातं उघडलं, दुसऱ्यात शाळेचं. दोन्ही पानांचं होस्टनेम एकच आणि कुकीचं नावही एकच. शाळेच्या लॉगिनने डॉक्टरांची कुकी पुसून तिथे आपली ठेवली. आता पहिल्या टॅबमध्ये काही क्लिक केलं की आकडा डॉक्टरांचा आणि बिल्ला शाळेचा. 'इनव्हॅलिड सिक्युरिटी टोकन'.

पोर्ट वेगळा घेतला तर सुटेल, असं कुणाला वाटेल. सुटत नाही. कुकी पोर्टनुसार वेगळ्या ठेवल्या जात नाहीत, हे कुकींचे नियम सांगणाऱ्या २०११ च्या आरएफसी ६२६५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. डब्ल्यूएचएम आणि सीपॅनेल शेजारी शेजारी सुखाने नांदतात, ते दोघांच्या कुकींची नावं वेगळी असल्यामुळे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक खात्यात त्याच्याच डोमेनवरून शिरा. होस्ट वेगळा, म्हणून कुकी वेगळी. डोमेन अजून सर्व्हरकडे वळलेलं नसेल तर क्रोममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर फायरफॉक्सचे कंटेनर टॅब वापरा. मी कंटेनर वापरतो. टॅबवरच्या रंगीत रेघेमुळे चुकीच्या खात्यातला डेटाबेस उडवण्याचा धोकाही कमी होतो, आणि तो धोका टोकन-त्रुटीपेक्षा फार मोठा आहे.

आयपी बदलतोय: तासगावची गोष्ट

आता त्या फोनकडे येतो. मी त्यांना संदेश वाचायला लावला, तो निघाला आयपी बदलल्याचा. ते म्हणाले, "मी तर जागचा हललोसुद्धा नाही!" खरंच होतं. हलत होतं ते इंटरनेट.

आयपी बसल्या जागी बदलतो त्याची नेहमीची कारणं अशी. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल आणि सिग्नल पडून पुन्हा आला, तर नवा पत्ता मिळू शकतो. मोबाइल कंपन्या आणि बरेच स्थानिक ब्रॉडबँडवाले हजारो ग्राहकांना थोड्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात आणि तिच्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही दिसलं, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. बाहेर जाताना आज या पत्त्याने जाल, उद्या त्या, आणि कधी कधी दहा मिनिटांतच दुसऱ्या.

आणखी एक कारण म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या जुन्या-नव्या पत्ता-पद्धतींची जोडगोळी. सर्व्हर दोन्हींवर ऐकत असेल तर ब्राउझर एक विनंती एकावरून आणि पुढची दुसऱ्यावरून पाठवू शकतो. कोणतीही एक लाइन डळमळीत असली की हे जास्त होतं. व्हीपीएन तर आहेच.

तासगावला यांपैकी काहीच नव्हतं. तिथे दोन ब्रॉडबँड लाइन एकाच राउटरला जोडल्या होत्या आणि राउटर भार वाटून घेत होता: एक विनंती या लाइनने, दुसरी त्या लाइनने. लॉगिन एका पत्त्यावरून झालं, ईमेलचं पान दुसऱ्यावरून मागितलं गेलं. सर्व्हरच्या लेखी दुसऱ्याच कुणीतरी बिल्ला चोरला होता.

हे स्वतः तपासायचं असेल तर 'माझा आयपी' दाखवणारी कोणतीही साइट उघडा, पाच मिनिटांत आठ-दहा वेळा रिफ्रेश करा आणि आकडे कागदावर लिहा. दोन वेगळे पत्ते दिसले की शोध संपला. एकच पत्ता सारखा दिसला तरी लगेच निर्धास्त होऊ नका, काही राउटर एका साइटला एकच लाइन देतात. मग एक लाइन उपटून पुन्हा लॉगिन करून बघा.

उपाय तुमच्या बाजूला: पॅनलचं काम असेपर्यंत एकच लाइन ठेवा, व्हीपीएन बंद ठेवा, आयपीव्ही६ तात्पुरतं बंद करून बघा. दोन लाइनचा राउटर असेल तर त्यात नियम घालता येतो, की २०८३, २०८७ आणि २०९६ या पोर्टांची वाहतूक नेहमी पहिल्याच लाइनने जावी.

उपाय सर्व्हरच्या बाजूला: डब्ल्यूएचएममध्ये 'ट्वीक सेटिंग्ज' उघडून 'कुकी आयपी व्हॅलिडेशन' शोधा. तिथे तीन पर्याय असतात. 'स्ट्रिक्ट' म्हणजे पत्ता तंतोतंत तोच हवा, आणि मुळात सेटिंग हेच असतं. 'लूज' म्हणजे पत्त्याचे पहिले तीन भाग जुळले तरी चालेल. 'डिसेबल्ड' म्हणजे चेहरा बघायचाच नाही. सीजीनॅटच्या एकाच गटात पत्ता फिरत असेल तर 'लूज' कामाला येतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असतील तर मात्र पत्ते मुळातूनच वेगळे, तिथे 'लूज'चा काही उपयोग नाही. मग लोक वैतागून 'डिसेबल्ड' करतात. ते करू नका. एका माणसाच्या राउटरसाठी सर्व्हरवरच्या सगळ्या खात्यांची राखण सैल करण्यात शहाणपण नाही. शेअर्ड होस्टिंगवर हे बटण तुमच्या हातातच नसतं, आणि तुमच्या विनंतीवरून होस्टिंगवाल्यानेही ते दाबू नये.

मध्ये क्लाउडफ्लेअर असेल तर

क्लाउडफ्लेअर ही साइट आणि पाहुणे यांच्यामध्ये बसणारी सेवा. डोमेन तिच्या नारिंगी ढगामागे (म्हणजे वाहतूक तिच्यामार्फत) असेल तर तुमची विनंती आधी त्यांच्याकडे आणि तिथून सर्व्हरकडे जाते. २०८३, २०८७ आणि २०९६ हे पोर्ट क्लाउडफ्लेअर पुढे पाठवतो, म्हणून पान उघडतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण पॅनलला दिसू शकतो तो क्लाउडफ्लेअरचा पत्ता, आणि तो विनंतीगणिक बदलू शकतो. पॅनलसाठी सर्व्हरचं होस्टनेमच वापरा, किंवा 'सीपॅनेल' या सबडोमेनची डीएनएस नोंद करड्या ढगावर, म्हणजे क्लाउडफ्लेअरला वगळून, ठेवा. होस्टनेमला दुसरा फायदा असा, की त्याचं एसएसएल प्रमाणपत्र बहुधा धड असतं, म्हणून तांबड्या इशाऱ्याचं पान ओलांडून जावं लागत नाही.

या सबडोमेनचा आणखी एक उपयोग आहे. कॉलेजांत किंवा सरकारी कचेऱ्यांत २०८३ सारखे अनोळखी पोर्ट बंद असू शकतात. डोमेनच्या आधी 'सीपॅनेल' आणि टिंब लावून गेलात तर काम नेहमीच्या ४४३ पोर्टवरून होतं.

राखणदाराने अडवलं असेल तर

पासवर्ड चार-पाच वेळा चुकला की सीपीहल्क नावाची यंत्रणा खातं किंवा आयपी काही काळ अडवते. मग बरोबर पासवर्डलाही 'लॉगिन इनव्हॅलिड' असं उत्तर मिळू शकतं. लोक इथेच चिडून आणखी प्रयत्न करतात आणि मुक्काम वाढवतात. हात काढून घ्या, चहा प्या, अर्ध्या तासाने या. फोनमधल्या किंवा आउटलुकमधल्या ईमेल खात्याला जुनाच पासवर्ड असेल तर तो मागून गुपचूप ठोठावत राहतो, त्यामुळे आधी तो बदला. सर्व्हर तुमचा असेल तर 'सीपीहल्क-डी-व्हाइटलिस्ट' ही स्क्रिप्ट आपल्या आयपीसह चालवली की स्वतःपुरता रस्ता मोकळा होतो.

पान मुळीच उघडत नसेल, पण मोबाइल डेटावरून उघडत असेल, तर तुमच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुधा फायरवॉलने अडवला आहे. सीएसएफ ही फायरवॉल असलेल्या सर्व्हरवर 'सीएसएफ -जी' आणि पुढे आयपी दिला की तो कुठल्या यादीत अडकला ते कळतं.

द्विस्तरीय पडताळणी लावली असेल आणि कोड नाकारला जात असेल, तर फोनचं घड्याळ बघा. तो कोड ३० सेकंदांचा असतो. हाताने पुढे-मागे केलेलं घड्याळ असलं की कोड जुळत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू करा.

सर्व्हर तुमचा असेल तर

सगळ्याच खात्यांना एकाच वेळी त्रास होतोय म्हटल्यावर ब्राउझरचा नाद सोडा आणि एसएसएचने, म्हणजे दूरच्या टर्मिनलवरून, आत जा. सगळ्यात आधी डिस्क. 'डीएफ -एच' ने जागा आणि 'डीएफ -आय' ने आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघा. दुसरी आज्ञा लोक विसरतात. मेलच्या रांगेत लाखभर छोटी पत्रं तुंबली तर जागा शिल्लक दिसते पण आयनोड संपलेले असतात, नवी फाइल बनत नाही, आणि सेशन म्हणजे शेवटी एक फाइलच. लॉगिन झालं न झालं तोच बाहेर, हे चित्र अशा वेळी दिसतं.

मग नोंदी. 'यूएसआर', त्यात 'लोकल', त्यात 'सीपॅनेल', त्यात 'लॉग्ज' या फोल्डरात 'लॉगिन-लॉग' आणि 'सेशन-लॉग' असतात. एका खिडकीत 'टेल -एफ' लावून ठेवा आणि दुसरीकडून गिऱ्हाइकाला लॉगिन करायला सांगा. लॉगिन-लॉगमध्ये 'कुकी आयपी चेक' आलं तर आयपीचं प्रकरण, 'सिक्युरिटी टोकन मिसिंग' आलं तर टोकनचं. सेशन-लॉगमध्ये 'न्यू' म्हणजे सेशन जन्मलं आणि 'पर्ज' म्हणजे संपलं. 'पर्ज'च्या ओळीत कारणही दिलेलं असतं. दोन्ही ओळींत किती सेकंदांचं अंतर आहे ते बघा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर साडेपाच तासांचा हिशेब विसरू नका.

एवढं करून काही सापडलं नाही, तर 'रीस्टार्ट-एसआरव्ही-सीपीएसआरव्हीडी' चालवून फक्त पॅनलची सेवा पुन्हा सुरू करा. वेबसाइट चालूच राहतात, कारण त्यांची सेवा वेगळी असते. फाइलींच्या परवानग्या कुणी बिघडवल्या असतील तर 'अपसीपी' (सीपॅनेल अद्ययावत करणारी स्क्रिप्ट) सक्तीच्या पर्यायासह चालवा. सेशनचं फोल्डर हाताने साफ करू नका. सगळे एकदम बाहेर फेकले जातात आणि फोन तुम्हालाच येतात.

गिऱ्हाइकाच्या खात्यात घाईने शिरायचं असेल तर त्याचा पासवर्ड मागू नका. डब्ल्यूएचएमच्या 'क्रिएट युझर सेशन' या एपीआयने तात्पुरती लिंक मिळते. तिने आत शिरून काम सुरळीत झालं, तर दोष गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे हेही सिद्ध होतं.

प्लेस्क या दुसऱ्या पॅनलवाल्यांसाठी थोडक्यात. पॅनल ८४४३ वर असतं. 'टूल्स अँड सेटिंग्ज'मध्ये 'सेशन आयडल टाइम' उघडलं की निष्क्रिय राहण्याची मुदत बदलता येते, आणि एका सेशनमध्ये आयपी बदलू द्यायचा की नाही तेही तिथेच ठरतं. अडकलात तर सर्व्हरवर 'प्लेस्क लॉगिन' आज्ञा द्या, एकदाच चालणारी लिंक मिळते.

सपोर्टला काय लिहायचं

"लॉगिन होत नाही, अर्जंट" असं तिकीट लिहिलं की उत्तर ठरलेलं: कुकी पुसा, दुसरा ब्राउझर वापरा. त्यात अर्धा दिवस जातो. त्याऐवजी पहिल्याच पत्रात डोमेन, त्या क्षणी असलेला तुमचा आयपी, भारतीय वेळेनुसार मिनिटापर्यंतची वेळ, संदेशाचे शब्द आणि तुम्ही काय काय करून पाहिलं ते लिहा. मोबाइल डेटावरून चालतं का, हे आवर्जून लिहा. त्यावरूनच त्यांचा अर्धा शोध संपतो. स्क्रीनशॉट द्याल तर ॲड्रेस बारमधले दहा आकडे झाका. कुकीशिवाय त्या आकड्यांचा उपयोग होत नाही हे खरं, पण वहीतला आकडा चारचौघांना कशाला दाखवायचा. पासवर्ड तिकिटात लिहू नका. त्यांना तो लागतच नाही.

तासगावच्या राउटरमध्ये मी फोनवरूनच नियम घालायला लावला, २०८३ आणि २०९६ पहिल्या लाइनवर. नियम सेव्ह झाला, राउटर सुरू व्हायला दोन मिनिटं गेली. ते आत गेले, ईमेलवर क्लिक केलं, पान टिकलं. मग विचारलं, "आता तीनदा बदललेल्या पासवर्डांतला चालू कोणता?"